भिशीचा चहा

भिशीच्या डब्यात माझी चिठ्ठी नाही हे मला कळलं, तो बुधवार होता. आक्का जिवंत होती.

पगार आदल्या दिवशी झाला होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्याच्या स्टोअर्समध्ये जमलो. दामूअण्णा एका लाकडी खोक्यावर बसले होते. ते स्टोअर्सचे मुख्य, आणि भिशीही तेच चालवत. मांडीवर पितळेचा डबा. एकेक चिठ्ठी हातात घ्यायची, नाव मोठ्यानं वाचायचं, घडी घालायची आणि डब्यात टाकायची, अशी रीत होती. ज्यांना भिशी मिळून गेली त्यांची नावं बाद. उरलेल्यांची वाचायची. त्या दिवशी थोडीच उरली होती. ती वाचून झाली. अण्णांनी झाकण लावून डबा हलवला.

माझं नाव आलं नव्हतं.

चुकून राहिलं असेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "अण्णा, माझी राहिली."

अण्णांनी श्रीपादकडे पाहिलं.

"का रं श्रीपाद? ह्याला सांगितलं न्हाईस व्हय?"

माझ्याच टेबलावर समोर बसणारा श्रीपाद चष्मा पुसत होता. पुसतच राहिला. मग पॅकिंगचा गणपा बोलला.

"त्यात सांगायचं काय, राव? ह्याची निघाली तर म्होरल्या म्हैन्याला चहाला कुठं जायाचं? लायनीपल्याड? म्हारांच्या खोपटात?"

हशा झाला. सगळे हसले नाहीत. काहींनी तंबाखू मळायला घेतली.

"गप रं गणपा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या आवाजात: "तुझं पैसं कुठं जात न्हाईत. शेवटली भिशी तुझ्या नावची धरलीया. शेवटल्याला चहा नसतो. तुझाबी खर्च वाचला, लेका."

तुझाबी खर्च वाचला.

हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं आहे. त्यात शिवी नाही. आवाजही चढलेला नव्हता. ते बोलणाऱ्या माणसाला आपण माझ्यावर उपकार करतो आहोत असंच वाटत होतं.

आमच्या भिशीची रीत सांगतो. स्टोअर्स आणि पॅकिंग मिळून आम्ही बाराजण. पगार झाला की प्रत्येकानं दहा रुपये अण्णांकडे द्यायचे. येणाऱ्या रविवारी चिठ्ठी काढायची. ज्याची निघेल त्याला सगळी रक्कम. आणि ज्याला रक्कम मिळाली त्यानं पुढच्या महिन्यात सगळ्यांना घरी बोलवायचं, चहा-पोहे द्यायचे आणि त्याच्याच घरी, त्याच्या घरातल्या लहान पोराच्या हातून, पुढची चिठ्ठी काढायची. अशी भिशी घरोघर फिरत जाते. शेवटच्या माणसाची चिठ्ठी काढावी लागत नाही. भिशी संपलेली असते. म्हणून त्याच्याकडे कुणी जात नाही.

मी रविवारी कुणाच्या घरी जात नसे. कुणी या म्हटलं नव्हतं, आणि आपल्या जाण्यानं घरच्या बायकांची पंचाईत होईल हे मला न सांगता कळत होतं. पैसे मी श्रीपादकडे देत असे. सोमवारी तो मला सांगत असे, या खेपेला कुणाची निघाली ते. त्या महिन्यात ज्याच्या घरी जायचं होतं त्याच्या भावकीत कुणी वारलं. त्याला सुतक आलं. म्हणून चिठ्ठी घरी न काढता कारखान्यात काढायचं ठरलं. कुणाचं तरी सुतक आलं म्हणून मला माझी जागा कळली.

आक्का माझी मोठी बहीण. आम्ही चाकणकडचे. आई-वडील लवकर गेले. आक्काचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत ती विधवा होऊन परत आली. मग तिनं मला वाढवलं. पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा ती कामावर आली. विटा वाहिल्या, चुन्याची घमेली वाहिली, खडी फोडली. त्या पैशांत मी चाकणला, मग पुण्याला शिकलो. मॅट्रिक झालो. ज्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो त्याच्या भिंतीला तिनं विटा पोचवल्या होत्या. मला नोकरी लागली त्या दिवशी तिनं फाटकाबाहेरून ती भिंत मला बोटानं दाखवली. "त्यो कोपरा हाय न्हवं, थितं लई उंच चढावं लागायचं," म्हणाली. एवढंच.

खोकला तिला तेव्हाच लागलेला होता.

आमची खोली रेल्वे लाइनीच्या पलीकडे. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. पगाराच्या संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसत असू. मला कागदावर आकडे मांडून महिन्याचा खर्च ठरवायचा होता. तसं मी एका पुस्तकात वाचलं होतं. आक्काला अक्षर येत नव्हतं. तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून लांब पट्टी केली होती. त्या पट्टीला ती गाठी मारायची. एका गाठीत खोलीचं भाडं. एका गाठीत ज्वारी. रॉकेल, मीठ, साबण एका गाठीत. दुधाची एक. गाठीत पैसे संपले की ती वस्तू महिनाभर आणायची नाही. दुसरी गाठ सोडायची नाही. माझ्या कागदापेक्षा तिची पट्टी कडक होती. कागदावर मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहीत असे.

भिशीचे दहा रुपये मात्र गाठीत जात नसत. ते सगळ्यांत आधी बाजूला निघत. उरलेल्यात महिना बसवायचा.

कारण डॉक्टर. पिंपरी कॅम्पात एक सिंधी डॉक्टर होते. फाळणीत सगळं सोडून आलेले. त्यांनी आक्काला तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की क्षय आहे, सुरुवात आहे, इंजेक्शनं द्यावी लागतील. ती लागोपाठ द्यायला हवीत. पाच घेतली, मग पैसे नाहीत म्हणून थांबलो, असं करून उपयोग नाही. आणि रोज शेरभर दूध. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात खाटेसाठी नाव घालून ठेवा, म्हणाले. नाव घातलं. खाट कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं.

पगारातून लागोपाठची इंजेक्शनं होत नव्हती. एकरकमी पैसे हवे होते. श्रीपादला मी हे सांगितलं. तोच म्हणाला, "आपली भिशी आहे ना! मी तुझं नाव घालतो. निघेल लवकर."

श्रीपाद चिंचवड गावातला. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्यालाही वाचायचं वेड. गावच्या वाचनालयातून तो स्वतःच्या नावावर पुस्तकं काढायचा आणि मला आणून द्यायचा. वर्गणीदार व्हायला मी स्वतः का जात नाही हे त्यानं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जातिभेदावर तो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा. त्वेषानं बोलायचा. कितीदा तरी संध्याकाळी आम्ही रुळांच्या कडेनं चालत गेलो आहोत, वाचलेल्या पुस्तकांवर भांडत. आक्काची चौकशी करायला तो खोलीपर्यंत यायचा. दारात उभा राहायचा. "काय आक्का, आज बरं वाटतंय ना?" आक्का आतून म्हणायची, "या की भाऊ." तो म्हणायचा, "नाही नाही, उशीर झालाय." आणि जायचा.

दर सोमवारी तो टेबलावर वाकून हळूच सांगायचा, "या वेळी नाही निघाली रे. नशीब!"

नशीब म्हणायचा. डब्यात चिठ्ठी नव्हती आणि नशीब म्हणायचा.

बुधवारी अण्णांसमोर मी एवढंच बोललो, "या महिन्याची मला द्या. माझी बहीण आजारी आहे." गरजेला भिशी आधी द्यायची रीत होती. गणपाला बहिणीच्या लग्नासाठी चिठ्ठी न काढता दिली होती. अण्णा विचारात पडले. "उद्या सांगतो," म्हणाले. डबा तसाच बंद करून कपाटात ठेवला.

सुटी झाल्यावर श्रीपाद माझ्या मागून फाटकाबाहेर आला.

"रागावू नकोस. मी तुझ्यासाठीच केलं."

मी चालत राहिलो.

"अरे, ते तुला भिशीत घ्यायलाच तयार नव्हते. मी मध्यम मार्ग काढला. तुझं नाव निघालं असतं आणि तुझ्या घरी एकही माणूस आला नसता, तर? तुला किती लागलं असतं!"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू भिशीत आला असतास का?"

नसतो आलो. तेच तर. मला आधी कळलं असतं की माझी भिशी सगळ्यांत शेवटी आहे, तर मी तिच्यावर विसंबलो नसतो. सावकाराकडे गेलो असतो. व्याज भरलं असतं, कर्ज फेडत बसलो असतो, पण इंजेक्शनं पहिल्या महिन्यात सुरू झाली असती. दर महिन्याला मी आक्काला म्हणत होतो, पुढच्या महिन्यात निघेल. दर महिन्याला माझा त्यावर खरोखर विश्वास होता. श्रीपादनं माझे पैसे घेतले नाहीत. त्यानं ते महिने घेतले.

हे मी त्याला त्या वेळी बोललो नाही. मला सुचलंच नाही. मी हळू विचार करणारा माणूस आहे.

घरी गेलो. आक्का भिंतीला टेकून बसली होती. चिठ्ठी आज आहे हे मी तिला सकाळीच सांगितलं होतं. मला बघून म्हणाली, "निघाली का रं?"

"या खेपेला बहुतेक मिळेल," मी म्हणालो. अण्णांनी नाही म्हटलं नव्हतं.

तिचा चेहरा उजळला. हाताच्या आधारानं उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून जुन्या चोळ्यांत गुंडाळलेलं काही काढून माझ्यासमोर मांडायला लागली. कप होते. बश्या होत्या. पांढरे, काठाला निळी रेघ. एकेक करून तिनं बारा मांडले. एकाचा कान थोडा उडालेला होता. तो तिनं मागं सरकवला.

"ह्यो तू घे," म्हणाली. "म्होरल्या म्हैन्यात मानसं येनार. जर्मलच्या वाटीत कसा द्याचा त्यास्नी च्या? शिकल्याली मानसं. कॅम्पातल्या बाजारात मिळत्यात. एकेक आनत गेले."

"पैसे कुठले, आक्का?"

"व्हतं की."

"कुठले?"

ती कप सारखे करत राहिली. मग म्हणाली, "रोज रोज दूध पिऊन वीट येतो रं. एक दिसाआड घेत व्हते. गवळ्याला म्याच सांगितलं व्हतं, तुला बोलू नगं म्हून."

दुधाची गाठ तिच्याकडेच असायची. दिवसभर मी कामावर. तिनं दुसरी कुठली गाठ सोडली नव्हती. तिच्या हिशेबात कुठं लबाडी नव्हती. माझ्या सोबत्यांनी माझ्या घरी येऊन चहा घ्यायचा, त्यांच्यासमोर मला खाली बघावं लागू नये, म्हणून ती तोंडातलं दूध काढून कप विकत घेत होती. आणि तिकडे तेच लोक ठरवून बसले होते की तो चहा कधी होऊच द्यायचा नाही.

मी त्या कपांकडे बघत बसलो. तिला वाटलं मला आवडले नाहीत. "साधंच हायेत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी निकाल सांगितला. सगळे होते. श्रीपादही.

"भिशी तुला देतो. समद्यांनी मान्य केलंय. चहा श्रीपादच्या घरी व्हईल, तुझ्या नावानं. दूध-साखरेचं काय ते त्याला देऊन टाक. तूबी ये. वट्यावर बस, तुलाबी चहा मिळंल."

मी म्हणालो, "चहा माझा. आणि मी ओट्यावर?"

"आता शबूद धरू नको."

"चहा माझ्या घरी होईल, अण्णा. कप आहेत."

गणपा फिसकन हसला. "कप हायेत म्हनतोय!"

त्या हसण्यानं माझ्या आत काहीतरी जागेवर बसलं. तोवर मी आयुष्यभर दुसऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून जपून वागत आलो होतो. विहिरीपाशी थांबत होतो, दारात थांबत होतो, रविवारी घरी थांबत होतो. लोक त्याला चांगुलपणा म्हणत होते. 'शिकलेला आहे पण पायरी सोडत नाही,' असं अण्णाच एकदा साहेबांना माझ्याबद्दल सांगताना मी ऐकलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं!

"माझे भरलेले पैसे द्या," मी म्हणालो. "आज."

"मधीच सोडणाऱ्याला शेवटी मिळत्यात. रीत हाय ती."

"नाव वाचून चिठ्ठी टाकायची, हीपण रीत आहे. ती तुम्ही पहिल्या महिन्यात मोडली."

"आरं, भैनीच्या जिवाचा तरी इचार कर. पुरी रक्कम सोडतोस?"

"तिच्या जिवाचा विचार माझ्याआधी तुम्ही सगळ्यांनी करून ठेवला आहे. आता मला करू द्या. नाहीतर हे सगळं मी साहेबांना लिहून देतो. लिहिता मला येतं."

अण्णांचा चेहरा बदलला. ते कपाटापाशी गेले. नोटा आणल्या आणि आमच्या दोघांमधल्या खोक्यावर ठेवल्या. चार बोटं अंतरावरून टाकल्यासारख्या. पगाराचं पाकीट, पावत्या, किल्ल्या, सगळं ते मला असंच देत आले होते, टेबलावर ठेवून. मी उचलत आलो होतो.

मी उचलल्या नाहीत.

"हातात द्या, अण्णा."

बाहेर हातगाडीचा आवाज येत होता. अण्णांनी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपादनं हात पुढे केला, नोटा उचलून मला द्यायला. याही वेळी माझ्या वतीनं.

"तू नाही," मी म्हणालो. "अण्णा देतील."

अण्णांनी दिल्या. त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागली. गार होती. मी नोटा खिशात घातल्या आणि कामाला बसलो. टाक धरता येईना. पण बसलो.

संध्याकाळी आक्काला सगळं सांगितलं. लपवलं नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "समदे न्हाई म्हनलं?"

"सगळे."

"त्यो शिरपादबी?"

"तोच पहिला."

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. "त्यो दारात हुबा ऱ्हायाचा," म्हणाली. "मला वाटायचं लाजतोय प्वार. बाईमानूस घरात हाय म्हून."

त्यापुढे ती त्याच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. कधीच.

इंजेक्शनं सुरू झाली. दूध मी स्वतः समोर बसून पाजायला लागलो. उरलेल्या रकमेसाठी सावकाराकडे गेलो. डॉक्टरांनी तिची छाती पुन्हा तपासली तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तभी शुरू करते, बेटा, तो…" आणि वाक्य पुरं केलं नाही. त्या इंजेक्शनाचे पैसेही घेतले नाहीत. सरकारी दवाखान्यातून खाटेचं पत्र आलं त्याआधी पंधरवडाभर आक्का गेली. मी कामावर होतो. शेजारणीनं निरोप पाठवला.

कारखान्यातून कुणी आलं नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी श्रीपाद आला. दारात उभा राहिला. डोळे लाल झाले होते. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

"मला माफ कर," तो म्हणाला. "मला तिचं फार वाटायचं रे."

"आत ये," मी म्हणालो. "बस. चहा टाकतो."

त्यानं आत पाहिलं. चुलीकडे, जमिनीकडे, माझ्या हाताकडे. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता हे मला दिसलं. मग तो म्हणाला, "नको, आत्ताच घेऊन आलोय. त्रास नको घेऊस अशा वेळी."

"माझ्या त्रासाचं मी बघतो," मी म्हणालो. "चहा घेतोस की नाही, एवढंच विचारलं."

त्यानं पाय मागे घेतला.

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतं बोलतो. त्यानं आणलेलं पुस्तक घेत नाही. वाचनालयात मी स्वतः गेलो. वर्गणीचे पैसे काढले आणि चिटणिसाच्या हातात द्यायला हात पुढे करून उभा राहिलो. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. मी हात तसाच ठेवला. मागे माणसं खोळंबली. शेवटी त्यांनी घेतले. आता वस्तीतली दोन पोरंही तिथं जातात, माझ्याशिवाय. कारखान्यात पगाराचं पाकीट मी टेबलावरून उचलत नाही. हातात मिळेपर्यंत उभा राहतो. साहेबांकडे तक्रार गेली, उद्धट झालोय म्हणून. झालोय. सावकाराचं कर्ज फिटलं. अण्णांनी नवी भिशी सुरू केली तेव्हा मला विचारलं, "या खेपेला समद्यांची नावं वाचू, येतोस का?" मी विचारलं, "चहाला याल?" ते डबा उचलून पुढं गेले. मी पैसे दिले नाहीत.

माझं भलं कशात आहे हे यापुढे माझ्या पाठीमागे कुणी ठरवायचं नाही. प्रेमानं तर मुळीच नाही. शिवी देणारा मला समोरून दिसतो. माझी काळजी घेणाऱ्यानं माझं माणूस नेलं.

दूध बंद केलं आहे. ज्वारी निम्मी लागते. इंजेक्शनं नाहीत. महिनाअखेर आता पैसे उरतात.